पहिला गिअर आधी ठरवायचा

फेब्रुवारीत बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि एप्रिलमध्ये आंबा उतरायला लागला. या दोन्हींच्या मध्ये आमची जीप अडकली. जीप १९७९ सालची, सीजे-थ्री-बी, पेट्रोलवरची, तीन गिअरची. तिचा क्लच दाबायला डाव्या पायात चांगला जोर लागतो, आणि डॉक्टरांनी नेमका तोच पाय बाद केलेला. आमची बाग घराच्या खाली, खाडीच्या अंगाला. घर ते बाग ही वाट जेमतेम सव्वा किलोमीटरची, पण जांभ्यातून तोडून काढलेली. गावात तिला घाटीच म्हणतात. पिकअप वरच्या डांबरी रस्त्यापर्यंत येतो, तिथवर क्रेट आपले आपण पोचवायचे. बाबा नसतील तर ही जीप चालवणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. मी सहा आठवड्यांची रजा टाकून पुण्याहून गुहागरला आले.

मला गाडी चालवता येत होती. पंधरा वर्षं पाच गिअरची गाडी चालवलीय, कुंभार्ली आणि वरंध घाटातून पावसात आणलीय. म्हणून पहिल्या सकाळी खळ्यात उभ्या असलेल्या जीपमध्ये बसले, चोक ओढला, इंजिन सुरू केलं, क्लच तळापर्यंत दाबला आणि दांडा पहिल्याकडे ओढला. आतून जो आवाज आला त्यानं आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अगो, थांब," शेजारच्या सीटवरून बाबा म्हणाले. "आत ती अजून फिरत्येय."

काय फिरतंय ते त्यांनी तिथेच बसून समजावलं. क्लच दाबला की इंजिन सुटतं खरं, पण गिअरबॉक्समधली चक्रं आपल्या वेगानं आणखी दोन-तीन सेकंद फिरत राहतात. हल्लीच्या गाड्यांत प्रत्येक गिअरला पितळी कडं असतं. ते आधी घासून दोन चक्रांचे वेग सारखे करतं, मग दात गुंततात. आपल्याला कळतही नाही. या जीपमध्ये तशी कडी फक्त दुसऱ्याला आणि तिसऱ्याला आहेत. पहिल्याला आणि रिव्हर्सला काहीच नाही. तिथे एक दातेरी चक्र सरकत जाऊन सरळ दुसऱ्यात शिरतं. दोघांचे वेग जुळले असतील तर शिरतं, नाहीतर दात दाताला खातो.

उभ्या गाडीत पहिला टाकायच्या दोन रीती त्यांनी सांगितल्या. एक, क्लच दाबून मनात तीन आकडे मोजायचे. दुसरी रीत मला फार आवडली: क्लच दाबला की दांडा आधी दुसऱ्याच्या दिशेनं नुसता टेकवायचा, पूर्ण टाकायचा नाही. दुसऱ्याचं पितळी कडं ब्रेकसारखं काम करतं, आतली चक्रं जागीच थांबतात, आणि मग पहिला लोण्यातल्या सुरीसारखा जातो. कधी कधी इतकं सगळं करूनही पहिला आत जात नाही, वाटेत टणक काहीतरी लागतं. तेव्हा दातासमोर दात आलेला असतो. जोर करायचा नाही. दांडा न्यूट्रलला आणून क्लच किंचित सोडायचा, परत दाबायचा. चक्र थोडं सरकतं आणि वाट मोकळी होते.

दांड्याची मांडणीही वेगळी. डावीकडे वर रिव्हर्स, डावीकडे खाली पहिला, उजवीकडे वर दुसरा, उजवीकडे खाली तिसरा. माझ्या हाताला पंधरा वर्षांची सवय होती की डावीकडे वर म्हणजे पहिला. पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी टाकण्याआधी मी तोंडानं म्हणत होते, "डावीकडे खाली."

तीन दिवस आम्ही सड्यावर काढले. घराच्या वरच्या बाजूला कातळाचा लांबच लांब सपाट सडा आहे, एप्रिलमध्ये पिवळ्या गवताचे चार पुंजके सोडले तर उघडा. शिकायला याहून चांगली जागा नाही. मात्र कोकणातल्या कुठल्याही सड्यावर गाडी घालताना एक भान हवं. रत्नागिरी-राजापूरकडच्या कितीतरी सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी खोदलेली कातळशिल्पं आहेत, आणि मातीनं, गवतानं झाकलेलं चित्र सीटवरून दिसत नाही. आमचा सडा बाबांच्या पायाखालचा आहे, तिथे काही नाही हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी मला बैलगाडीच्या जुन्या चाकोरीबाहेर जाऊ दिलं नाही. अनोळखी सड्यावर जीप नेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सड्यावर शिकायचा होता डबल क्लच. चालत्या गाडीत दुसऱ्यावरून पहिल्यावर यायचं असेल तर त्याशिवाय मार्ग नाही. क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच पूर्ण सोडायचा, न्यूट्रलमध्येच रेस द्यायची, परत क्लच दाबायचा आणि पहिला टाकायचा. वाचायला हे पाच-सहा टप्पे वाटतात, करायला मात्र हे सगळं एका श्वासात बसावं लागतं. मधली रेस कशासाठी, ते बाबांनी एका वाक्यात सांगितलं: "धावत्या एसटीत चढणारा माणूस आधी तिच्या वेगानं चार पावलं धावतो की नाही?" पहिला गिअर हा तो माणूस. दुसऱ्यावर गाडी चालत असते तेव्हा पहिल्यासाठी चाकं फार जोरात फिरत असतात. क्लच सोडून रेस दिली की इंजिन आतल्या चक्रांना त्या वेगापर्यंत पळवतं. वेग जुळला की दांडा आपण ढकलत नाही, तो आत ओढला गेल्यासारखा वाटतो.

रेस किती द्यायची याला आकडा नाही, या जीपला इंजिनाचे फेरे दाखवणारं घड्याळच नाही. कानानं ओळखायचं. बाबांनी पहिल्या दिवशी मला गाडी पहिल्यावरच ताशी आठच्या वेगानं चालवायला लावली, पाचच मिनिटं, आणि सांगितलं, "हा आवाज लक्षात ठेव. पहिल्यात शिरायच्या आधी इंजिन एवढंच ओरडायला हवं." नंतर कळलं की सगळा डबल क्लच या एका सूचनेत आहे. मी पायांकडे लक्ष देत होते तोवर दर वेळी खर्रर्र होत होतं. आवाज आठवून रेस द्यायला लागले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा दांडा काहीही न बोलता आत गेला. मी लगेच परत करून पाहिलं, तर परत खर्रर्र. तिसऱ्या दिवशी दहातून सात वेळा जमू लागलं.

रोज संध्याकाळी माझी डावी मांडी दुखायची. डबल क्लच म्हणजे प्रत्येक गिअरला पाय दोनदा. बाबांनी हे चाळीसेक वर्षं केलं, आणि नेमका डावाच गुडघा का झिजला याचं उत्तर मला डॉक्टरांकडून नाही, सड्यावर मिळालं. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर असेलच असं नाही, पण माझ्या मांडीची खात्री पटली.

चौथ्या दिवशी रिकामी गाडी घाटीनं खाली नेली, बागेतून चौदा क्रेट भरले. एक क्रेट वीसेक किलोचा, म्हणजे पावणेतीनशे किलो मागे. पुढची चाकंही इंजिनाला जोडलेली होती. दुसऱ्यावर निघाले, कारण चढाचा पहिला भाग सौम्य आहे आणि वेग चांगला लागत होता. घाटीच्या मधोमध दगडी गडग्याला चिकटून एक वळण आहे. त्याच्या वर चढ एकदम उभा होतो, आणि जांभ्यात दोन-तीन पायऱ्यांसारखे टप्पे आहेत. वळणात इंजिन गुदमरायला लागलं. मी मनात म्हटलं, आता डबल क्लच. क्लच, न्यूट्रल, क्लच सोडला, रेस दिली, आणि तेवढ्या वेळात जीप उभी राहिली. उभी राहून मागे सरकायला लागली. पहिला टाकायला गेले तर दात ओरडले, कारण आता चाकं उलटी फिरत होती. ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं.

सड्यावरच्या तीन दिवसांत मला एक गोष्ट दिसलीच नव्हती. सपाटीवर न्यूट्रलमधला एक सेकंद फुकट असतो. गाडी आपल्या वेगानं चालत राहते आणि आपल्याला जुळवाजुळव करायला वेळ देते. उभ्या चढावर, ओझ्यासकट, तो सेकंद परवडत नाही. डबल क्लच कितीही सफाईनं केला तरी ज्या जागी पहिला लागतो त्या जागी तो मिळत नाही. तो तिथे पोचायच्या आधीच टाकलेला असावा लागतो.

पण हे सगळं नंतर सुचलं. त्या क्षणी मी ब्रेकवर उभी होते आणि मागे वळणाच्या कडेला गडगा, त्याच्या खाली सात-आठ फुटांवर कलमं. बाबांनी आधी हँडब्रेक ओढला. आमच्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नाही, इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीच्या, म्हणजे ट्रान्सफर केसच्या, मागे निघणाऱ्या दांड्यावर त्याचा ड्रम आहे. त्यामुळे पुढची चाकं जोडलेली असली की तो चारही चाकं धरतो. उभ्या चढावर याच्यासारखा आधार नाही. चालत्या गाडीत मात्र तो झटक्यानं ओढला तर सगळा ताण गिअरच्या दातांवर आणि दांड्यांवर जातो, म्हणून तो उभ्या गाडीसाठीच राखायचा.

मग त्यांनी मला उतरायची रीत सांगितली आणि मी ती शब्दाबरहुकूम केली. क्लच दाबून बंद इंजिनातच रिव्हर्स टाकायचा. आत काही फिरत नसल्यानं तो सहज जातो. क्लच पूर्ण सोडायचा आणि परत त्याला पाय लावायचा नाही. हँडब्रेक, मग पायातला ब्रेक हळूहळू सोडायचा. इंजिन बंद असलं तरी त्याचा दाब गाडीला धरून ठेवतो. मान मागे वळवायची, अंगठे स्टिअरिंगच्या आत घालायचे नाहीत, कारण चाक दगडाला लागलं की आरे फिरून अंगठा मोडू शकतात. मग गिअरमध्येच स्टार्टर मारायचा. जीप स्टार्टरच्या जोरावर हातभर मागे सरकली, इंजिनानं धरलं, आणि आम्ही माणसाच्या चालीनं मागे-मागे सौम्य भागापर्यंत उतरलो. या जीपचा रिव्हर्स पहिल्यापेक्षाही जड आहे, म्हणून ब्रेक न लावता ती इतकी सावकाश उतरते. चढावर बंद पडलेल्या गाडीत बहुतेक लोक क्लच दाबून ब्रेकवर मागे यायला बघतात आणि पुढची चाकं घसरली की स्टिअरिंग गमावतात. हे मी आता कुणालाही आवर्जून सांगते.

खाली येऊन पाणी प्यायलो. बागेत हंगामासाठी नेपाळहून आलेली माणसं काम करतात. त्यांच्यातले दोघं क्रेट डोक्यावरून न्यायला तयार झाले, पण बाबा म्हणाले, "थांबा. हिला आता लो दाखवतो."

जीपमध्ये मुख्य दांड्याशेजारी दोन छोटे दांडे आहेत. एकानं पुढची चाकं जोडतात. दुसऱ्यानं ट्रान्सफर केस हाय (नेहमीची), न्यूट्रल किंवा लोमध्ये (जोर जास्त, वेग कमी) जाते. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडतच नाही. आतच तशी अडकण आहे, नाहीतर सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर येईल. लो टाकायचा तर गाडी थांबवायची. चालत्या गाडीत टाकायला गेलं तर पहिल्यासारखाच ओरडा ऐकायला मिळतो. बाहेर येताना उलटा क्रम: आधी हाय, मग पुढची चाकं सोडायची.

बाबांच्या वहीत, तेल कधी बदललं आणि प्लग कधी घेतले त्या नोंदींच्या मागच्या पानावर, एक हिशेब आहे. चाक एकदा फिरायला इंजिन किती वेळा फिरतं, त्याचा. हायमध्ये पहिल्यावर १५ वेळा, दुसऱ्यावर ८.३, तिसऱ्यावर सव्वापाचाहून थोडं जास्त. लो टाकला की यातला प्रत्येक आकडा २.४६ पट होतो: पहिला ३७, दुसरा साडेवीस, तिसरा १३.

मी ते पान खूप वेळ बघत बसले. लोमधला दुसरा हायमधल्या पहिल्यापेक्षा जड आहे, १५ ऐवजी साडेवीस. आणि दुसऱ्याला पितळी कडं आहे, तो चालत्या गाडीत बिनबोभाट पडतो. म्हणजे घाटीच्या पायथ्याशी थांबून लो टाकला आणि दुसऱ्यावर निघालं, तर ज्या पहिल्यासाठी मी वळणात धडपडत होते त्याची गरजच राहत नाही. वाटेत सपाटी आली तर तिसरा टाकायचा, १३, म्हणजे जवळपास हायच्या पहिल्याएवढाच. चढ आला की परत दुसरा. सगळी घाटी दोन गुळगुळीत गिअरवर होते. खरोखरचा पहिला, सदतीसवाला, फक्त त्या पायऱ्यांसाठी, आणि तोही वळणाच्या अलीकडे पूर्ण थांबून, तीन मोजून.

त्याच चौदा क्रेटसकट तसंच केलं. वळणाच्या अलीकडे थांबले, हँडब्रेक ओढला, पहिला टाकला, हँडब्रेक सोडत क्लच सोडला आणि पाय फरशीवर सपाट ठेवला. पायऱ्यांवर जीप इतक्या सावकाश चढली की प्रत्येक चाक दगडावर कधी टेकलं आणि कधी उतरलं ते सीटमधून कळत होतं. माणूस चालतो त्याहून हळू. मी काहीच करत नव्हते. रेस जराशी धरून स्टिअरिंग सैल ठेवलं होतं, एवढंच. सगळं काम खाली पायथ्याशीच होऊन गेलेलं होतं.

वर पोचल्यावर मी एक चूक केली, जी प्रत्येक नवा माणूस करतो म्हणे. पुढची चाकं जोडलेली तशीच ठेवून डांबरी रस्त्यावर पूर्ण वळण घेतलं. स्टिअरिंग जड झालं, गाडी आखडल्यासारखी वाटली, आणि नंतर तो छोटा दांडा सोडवायला गेले तर जागचा हलेना. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या मध्ये, त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. माती आणि खडी थोडी घसरू देते म्हणून तो फरक जिरतो. डांबर चाकाला घसरू देत नाही, मग तो सगळा पीळ गिअरमध्ये साठतो आणि दात एकमेकांना दाबून धरतात. दांड्यावर जोर करून उपयोग नसतो. चार-सहा फूट सरळ मागे घ्यायची, पीळ सुटतो, आणि दांडा दोन बोटांनी येतो. तेव्हापासून डांबर दिसलं की मी आधी थांबते, दोन्ही दांडे सोडते आणि मगच टायर वर चढवते.

मे महिना असाच गेला. रोज तीन-चार खेपा. सकाळी लवकर आंबे काढायची घळ घेऊन माणसं झाडांवर, दहाच्या सुमाराला पहिली खेप. बाबा रोज शेजारी बसायचे आणि सूचना कमी-कमी होत गेल्या. एकदा तर त्यांचा उजवा हात वरच्या दांडीला आणि डोळे मिटलेले होते, आणि मी पायऱ्यांवर होते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात उतारावर दुसरा निसटला. रिकामे क्रेट घेऊन घाटी उतरत होतो, लोचा दुसरा, पाय मोकळे, गाडी इंजिनावर धरलेली. एका खड्ड्यात पुढचं चाक आपटलं आणि दांडा आपोआप उडून न्यूट्रलला आला. इंजिनाची गुणगुण एकदम शांत झाली आणि जीप सुटली. माझा हात दांड्याकडे गेला. "गिअर सोड! ब्रेक धर!" बाबा ओरडले. मी ब्रेक दाबला, ड्रम ब्रेक असल्यानं पुरता पायाचा जोर लावून, आणि वळणाच्या बरीच अलीकडे उभी राहिले. हँडब्रेक ओढला. त्या क्षणी परत गिअर शोधत बसले असते तर वळणापर्यंत वेग माझ्या हातात राहिला नसता. निसटलेला गिअर उतारावर परत मिळवायचा प्रयत्न करायचा नाही, आधी थांबायचं. हे मला पुस्तकातूनही कळलं असतं, पण शांत झालेल्या इंजिनाचा तो आवाज कळला नसता.

संध्याकाळी मिस्त्री आले. त्यांनी फरशीचा पत्रा काढला, गिअरबॉक्सचं वरचं झाकण दांड्यासकट उचललं आणि उलटं करून ताडपत्रीवर ठेवलं. झाकणात दोन सळया, त्यांच्यावर खाचा, आणि प्रत्येक सळईच्या खाचेत स्प्रिंगनं दाबलेली एक लोखंडी गोळी. गिअर जागेवर राहतो तो या गोळीमुळे. स्प्रिंगा इतक्या वर्षांत बसल्या होत्या. चढावर जोर गिअरला आत धरून ठेवतो म्हणून कळत नव्हतं. उतारावर जोर उलटा येतो, आणि मग एक धक्का पुरतो. स्प्रिंगा आणि गोळ्या बदलणं हे तासाभराचं काम. "सळई आणि कडं झिजलेलं आहेच," मिस्त्री म्हणाले, "पण हा हंगाम निघेल. आणि ताई, चालवताना हात दांड्यावर विसावू नका. गिअर सरकवणारा आतला काटा त्यानंच झिजतो." मी खरंच तसा हात ठेवत होते.

झाकण उघडं होतं तेवढ्यात मी बॅटरी लावून आत पाहिलं. महिनाभर जे ऐकत होते ते पहिल्यांदा दिसलं. पहिल्याचं चक्र सगळ्यांत मोठं, त्याच्या दातांची पुढची कड गोल झालेली, सुपारीच्या कडेसारखी. बाबांच्या चाळीस वर्षांतली ती झीज. दोन दातांवर मात्र ताजे, चकचकीत टवके होते. ते माझे. मी ते बोटानं चाचपून पाहिले. बाबांनीही वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दोनच? माझे पहिल्या वर्षी पाच होते."

त्या निमित्तानं आणखी एक गोष्ट सापडली. आतलं तेल गंधकासारखं वासट होतं. आदल्या वर्षी शहरातल्या एका गॅरेजनं डिफरन्शियलचं जीएल-५ प्रतीचं तेल गिअरबॉक्समध्येही भरलं होतं. त्या तेलात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. डिफरन्शियलच्या दातांना ती लागतात, पण पितळेला त्यांच्यापासून त्रास होऊ शकतो, आणि आमच्या दुसऱ्या-तिसऱ्याचा सगळा सुखाचा भाग त्या पितळी कड्यांवर उभा आहे. मिस्त्रींनी ते काढून जीएल-४ भरलं. दुसऱ्या दिवशी दुसरा पडताना आधीपेक्षा कमी अडखळला. तेल नवं होतं म्हणून की प्रत योग्य होती म्हणून, ते सांगता येणार नाही, पण जुन्या जीपवाल्यांनी डबा उघडण्याआधी त्यावरचं अक्षर-आकडा जरूर वाचावा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला. बागेच्या पलीकडच्या तुकड्यात, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, त्या काठाला, पाच-सहा उशिराची झाडं राहिली होती. पऱ्या एरवी कोरडा असतो; त्या सकाळी त्यात दीड फूट तांबडं पाणी होतं. जाताना पाणी घोट्याएवढं होतं, क्रेट भरेपर्यंत एवढं वाढलं.

काठावर जीप उभी केली. बाबा काठी घेऊन पाण्याच्या कडेनं थोडे चालले आणि तळ दगडी आहे, चिखल नाही, एवढं बघून आले. मी बॉनेट उघडून पान्यानं फॅनबेल्ट सैल केला, म्हणजे पंखा पाणी उडवून प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर भिजवणार नाही. मग पुढची चाकं, मग लो. क्लच दाबला, तीन मोजले, पहिला टाकला.

पाण्यात एकदा शिरलं की क्लचला हात लावायचा नाही, म्हणजे पाय. क्लचच्या घराला खाली निथळण्यासाठी भोक असतं, पाणी तिथूनच आत येतं. पाण्यात क्लच दाबला तर ते प्लेटच्या मध्ये शिरतं आणि मग गाडी नुसती ओरडते, चालत नाही. तेव्हा पाण्यात गिअर बदलणं हा प्रकारच नाही. जो काठावर टाकला तोच पलीकडच्या काठापर्यंत.

बाबांनी विचारलं, "पहिलाच का? दुसऱ्यावरही निघाली असती."

"पलीकडचा काठ उभा आहे," मी म्हटलं. "आणि पाण्यातून बाहेर येताना मला काही बदलायचं नाहीये."

ते सीटवर सरकून नीट बसले. मी डावा पाय क्लचपासून लांब, दाराच्या उलट बाजूच्या पत्र्याला टेकवला आणि पाण्यात उतरले. पाणी पुढून दोन्ही बाजूंना उघडत गेलं, बंपरच्या पुढे एक लाट आमच्याच वेगानं चालत राहिली. मध्ये एकदा मागचं उजवं चाक गोट्यावरून घसरलं, जीप हातभर सरकली, रेस मी तशीच धरून ठेवली. मग पुढचं टोक वर उचललं गेलं, काठाची ओली माती समोर आली, आणि ती चढली.

वर आल्यावर ब्रेक हलका दाबून धरून शंभरेक फूट गेले, ड्रम सुकेपर्यंत. मग थांबून फॅनबेल्ट परत ताणला. मागे नऊ क्रेट होते, एकही ओला झाला नव्हता.